कळा थांबवणारी गोळी दोन दिवसांची असते

घरात कुणाला सातवा किंवा आठवा महिना चालू असेल, तर पुढचं नीट वाचा आणि जिला दिवस गेलेत तिलाही वाचून दाखवा. नवऱ्याने तर नक्कीच वाचावं, कारण रात्री अकरा वाजता मेडिकलवर जाऊन "बायकोचं पोट दुखतंय, काहीतरी गोळी द्या" असं सांगणारा बहुतेक वेळा तोच असतो.

दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या, तर त्या आवरायला औषधं आहेत. ती उपयोगाची आहेत आणि योग्य बाईला, योग्य वेळी, हॉस्पिटलात देखरेखीखाली दिली तर बऱ्यापैकी सुरक्षितही आहेत. पण त्यांचा पल्ला फार थोडा आहे, साधारण 48 तासांचा. गोळीने महिना-दोन महिने बाळंतपण पुढे ढकललं जातं, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि तिनेच जास्त नुकसान होतं. गोळी घेतली, पोट जरा सैल पडलं, आता काळजी नाही असं म्हणून माणसं घरीच थांबतात. त्या मोलाच्या दोन दिवसांत जे व्हायला हवं होतं ते होत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे धावपळ करून आणलेलं बाळ श्वासासाठी झगडत असतं.

पावसाळ्यात मधुबन धरणाचे दरवाजे थोडा वेळ पाणी रोखून धरतात, तो वेळ दमणगंगेच्या काठची माणसं हलवण्यासाठी असतो. कळा थांबवणाऱ्या औषधाचंही तसंच. त्या दोन दिवसांत दोन कामं उरकायची असतात. एक, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत करणारी इंजेक्शनं आईला देऊन पूर्ण करायची. दुसरं, अपुऱ्या दिवसांचं बाळ सांभाळण्याची सोय जिथे आहे तिथे आईला पोचवायचं, बाळ पोटात असतानाच. बाळंतपण झाल्यावर दीड किलोचं बाळ दुपट्यात गुंडाळून गाडीत घालण्यापेक्षा आईच्या पोटातून त्याने केलेला प्रवास कितीतरी सुखरूप असतो.

आता मुळात कळा कशा ओळखायच्या ते बघू. सातव्या महिन्यानंतर पोट अधूनमधून आवळतंच, चाललं, जिना चढला, लघवी तुंबली, पाणी कमी प्यायलं की जास्तच. अशा वेळी लघवीला जाऊन यावं, दोन-तीन ग्लास पाणी प्यावं आणि डाव्या कुशीवर पडून राहावं. तळहात बेंबीच्या थोडा वर सपाट ठेवावा, जवळ घड्याळ घ्यावं. हाताखाली पोट गोळा होऊन कडक होतं, तसंच अर्धा-एक मिनिट राहतं, मग हळूहळू सैल पडतं. कडक व्हायला लागलं ती वेळ कागदावर लिहायची. पुन्हा झालं की पुन्हा लिहायची. तासाभरात हे अंतर वाढत गेलं, कडकपणा कमी झाला, तर बहुधा त्या सरावाच्या कळा होत्या. पण तासात चार किंवा जास्त वेळा झालं, नेमाने येत राहिलं, कंबरेतून पुढे कळ सरकायला लागली, खाली दाब जाणवू लागला, तर आणखी वाट बघायची नाही. आणि रक्त दिसलं, पाणी गेलं, ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तो एक तासही मोजत बसायचं नाही. निघायचं.

तुमच्या हातात पडणाऱ्या औषधांबद्दल आता. ब्रँडची नावं शेकडो आहेत, म्हणून पट्टीवर मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक अक्षरांत जे मूळ औषध छापलेलं असतं ते वाचायची सवय लावा. वाचता येत नसेल तर फार्मासिस्टला किंवा आशाताईंना विचारा. मेडिकलवाल्याने पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की नाव एका तुकड्यावर जातं आणि तारीख दुसऱ्यावर. नाव असलेला तुकडा मागून घ्या.

आपल्या सिल्वासा-खानवेलच्या भागात सगळ्यात जास्त दिसणारं नाव म्हणजे आयसॉक्सुप्रिन. गर्भपिशवीचे स्नायू ढिले करण्यासाठी हे औषध भारतात अनेक वर्षं दिलं जातं, आणि कित्येक बायका ते सातव्या महिन्यापासून नवव्यापर्यंत रोज घेत राहतात. हे औषध पिशवीबरोबर हृदयावरही काम करतं. छातीत धडधडतं, हात थरथरतात, बीपी उतरतं, रक्तातली साखर वाढते. बहुतेकींचं एवढ्यावरच निभावतं. पण याच जातीची औषधं जास्त प्रमाणात, सलाईनबरोबर दिली गेली की काही जणींच्या फुप्फुसात पाणी साठतं, आणि तेव्हा गाठ जिवाशी असते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये या संपूर्ण गटाचा फेरविचार केला. कळा थांबवण्यासाठी या गटातल्या गोळ्या वापरूच नयेत, आणि इंजेक्शन द्यायचं तर 22 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान, फार तर 48 तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली द्यावं, असा तिचा निर्णय झाला. त्याच गटातल्या टर्ब्युटालिनवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये सर्वात कडक इशारा छापायला लावला, कारण आयांना हृदयाचे गंभीर त्रास झाल्याच्या आणि मृत्यूच्याही नोंदी आल्या होत्या. हृदयाच्या झडपेचा आजार, थायरॉइड किंवा मधुमेह असलेल्या बाईला, आणि जिचं हिमोग्लोबिन फारच खाली आहे तिला, या औषधाचा धोका अधिक. अशी बाई आपल्या वस्तीत शोधायला लांब जावं लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर कुणी भलताच अर्थ काढील. दम्यासाठी तोंडात मारायचा पंप याच कुळातल्या औषधाचा असतो. तो बंद करायचा नाही. दम लागलेल्या आईच्या पोटातलं बाळही गुदमरतं. पंपातून रक्तात जाणारा डोस अगदी थोडा असतो आणि गरोदरपणात तो चालतो.

दुसरं औषध निफेडिपिन. मूळचं ते बीपीचं. आज जागतिक आरोग्य संघटना कळा थांबवायचं पहिल्या पसंतीचं औषध म्हणून याचंच नाव घेते. 2022 च्या शिफारशीत ते स्पष्ट आहे, आणि हेतूही स्पष्ट आहे: इंजेक्शनं पूर्ण व्हावीत आणि आईला हलवायला सवड मिळावी. पण बीपीचं औषध असल्याने ते बीपी पाडतं. डोकं ठणकतं, चेहरा तापतो, उठून उभं राहिलं की चक्कर येते. म्हणून ते देताना दर थोड्या वेळाने बीपी बघावं लागतं. घरात सासऱ्यांच्या डब्यात बीपीची तीच गोळी सापडली म्हणून सुनेला देऊ नका. त्या गोळ्या हळू विरघळणाऱ्या असू शकतात, डोस वेगळा असतो, आणि जिचं बीपी आधीच कमी आहे ती तिथेच कोसळू शकते. आयसॉक्सुप्रिनबरोबर निफेडिपिन एकाच वेळी घेणं तर कटाक्षाने टाळा. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे गेलात की हे नकळत घडतं, म्हणून आधी काय घेतलं ते पट्टीसकट दाखवायचं. आणि हेही तितकंच महत्त्वाचं: तुमचं बीपी वाढलंय म्हणून डॉक्टरांनी निफेडिपिन चालू केलं असेल, तर हा लेख वाचून ते थांबवू नका. तिथे ते वेगळ्या कामासाठी आहे आणि रोज लागतं.

तिसरी गोष्ट पोटदुखीच्या गोळीची. ड्रोटावेरिन नावाची मुरड्यावरची गोळी आपल्याकडे घरोघरी असते, आणि कळांवरही तीच दिली जाते. या गोळीने कळा थांबत नाहीत. उलट बाळंतपणात पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून प्रसूतिगृहात हेच औषध मुद्दाम टोचतात. म्हणजे ज्या भीतीपोटी तुम्ही गोळी दिली, त्या गोळीचा त्या भीतीशी काही संबंधच नाही, आणि दुखणं जरा दबल्याने खरी कळ ओळखण्यात मात्र उशीर होतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणाच्या 20 आठवड्यांनंतर स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होतं. पुढच्या आठवड्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी पोटातच आकसू शकते. याच जातीचं इंडोमेथॅसिन डॉक्टर कधी कधी कळांसाठी देतात, पण 32 आठवड्यांच्या आत आणि थोड्या दिवसांपुरतंच. अंगदुखीला, तापाला पॅरासिटामॉल ठरल्या प्रमाणात चालतं. एरंडेल मात्र देऊ नका. पोट साफ व्हावं म्हणून दिलेलं एरंडेल कळा आणतं, हे जुन्या सुइणींनाही ठाऊक होतं. रानातल्या मुळ्या, काढे देणारी माणसं आपल्या वारली, कोकणा, धोडिया वस्त्यांत मानाची आहेत, त्यांच्या ज्ञानाचा मला आदर आहे. एवढीच विनंती की या दिवसांत पोटात घ्यायचं जे काही दिलं असेल ते डॉक्टरांपासून लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवलेली मुळी पुढच्या औषधाशी कशी वागेल, ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रोजेस्टेरॉनबद्दल थोडक्यात. ते कळा थांबवण्याचं औषध नाही. ज्या बाईच्या पिशवीचं तोंड सोनोग्राफीत आखूड दिसतं, तिला चौथ्या-पाचव्या महिन्यापासून योनिमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो. पण दर आठवड्याला दंडात किंवा कमरेत टोचायचं हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं जे इंजेक्शन आहे, ते अमेरिकेने 2011 मध्ये मंजूर केलं, मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही म्हणून 2023 मध्ये मंजुरी काढून घेतली. तुम्हाला ते चालू असेल तर कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

"आमच्या मोठ्या जावेला हेच दिलं होतं, काही झालं नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. जावेचं बाळ सुखरूप आहे हा आनंदच आहे. पण या विषयाचा इतिहास असा आहे की पुष्कळ वर्षं दिलं गेलं म्हणून एखादं औषध निर्धोक ठरत नाही. 1960 च्या दशकात कळा थांबवायला बायकांना चक्क शिरेतून अल्कोहोल देत, तेही नामांकित हॉस्पिटलांत. बायका ओकत, भ्रमिष्टासारख्या बोलत, बाळं झिंगलेली जन्मत. डाएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून 1940 च्या दशकापासून लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. 1971 मध्ये कळलं की त्यांच्या पोटच्या मुलींना वयात आल्यावर योनीचा एक विरळा कॅन्सर होतोय. आई ठणठणीत, जन्मलेली मुलगीही गुटगुटीत, आणि घाव वीस वर्षांनी. म्हणून "काही झालं नाही" याच्यावर न थांबता "याने नेमका कुणाचा, काय फायदा होतो" असं विचारायचं.

फायदा कशाचा होतो, ते आता सांगतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या लिगिन्स आणि हाउई या दोन डॉक्टरांनी 1972 मध्ये दाखवलं की अपुऱ्या दिवसांत बाळंतपण होणार असेल आणि आधी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर बाळाच्या फुप्फुसांना श्वास घेणं सोपं जातं. आपल्याकडे डेक्सामेथासोन वापरतात. इवलीशी काचेची बाटली, किंमत किरकोळ. एका मिलिलिटरला 4 मिलिग्रॅम औषध, म्हणजे दर वेळी दीड मिलिलिटर, 6 मिलिग्रॅम. दर 12 तासांनी एक, असे चार डोस. पहिल्या डोसापासून चौथ्यापर्यंत 36 तास जातात. कळा दोन दिवस थोपवायच्या कशासाठी, त्याचा हिशेब इथे लागतो. "स्टिरॉइड" शब्द ऐकून बरेच नवरे सही करायला कचरतात. कचरू नका. योग्य कारणासाठी दिलेला हा एक कोर्स आई-बाळाला मानवतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस वर जाते, तेवढं आधी सांगा.

पण याच इंजेक्शनाने आपल्याच मुलखात एक मोठा धडा शिकवला आहे. 6 देशांत एक भव्य अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात भारतातली दोन ठिकाणं होती, नागपूर आणि बेळगाव. गावोगावच्या दवाखान्यांत हे इंजेक्शन सढळपणे दिलं तर बाळं वाचतील, या आशेने जवळपास 1 लाख बाळंतपणांची नोंद ठेवली गेली. निघालं उलटंच. जिथे इंजेक्शनाचा प्रसार केला तिथे नवजात बाळांचे मृत्यू हजारी 23.9 ऐवजी 27.4 झाले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त दिसला. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायकांचे दिवस प्रत्यक्षात भरत आलेले होते, म्हणजे त्यांना ते नकोच होतं. बहुतेक ठिकाणी दिवसांचा नीट हिशेब नव्हता आणि जन्मानंतर बाळ सांभाळायची सोयही तोकडी होती. मग डिसेंबर 2020 मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतासह 5 देशांतल्या 29 हॉस्पिटलांतला. इथे सोनोग्राफीने दिवस मोजलेले होते, बाळांसाठी विभाग होता आणि 26 ते 34 आठवड्यांच्याच बायका घेतल्या होत्या. त्यांत डेक्सामेथासोन दिलेल्या आयांच्या बाळांचे मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले. औषध तेच. फरक पडला तो दिवसांच्या अचूक हिशेबाने आणि बाळ जन्मल्यावर त्याला कुठे, कुणाच्या हातात ठेवलं याने. माझ्या मते गरोदर बाईच्या घरच्यांनी लक्षात ठेवायची हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, आणि तिचा कागद हरवू नका. सातव्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीवरून दिवस सांगितले तर दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात. 33 की 36, यावर कळा थांबवायच्या की बाळंतपण होऊ द्यायचं ते ठरतं. 34 आठवडे म्हणजे शेवटच्या पाळीपासून जवळजवळ 8 महिने पूर्ण. त्यानंतर कळा आल्या तर सहसा त्या थांबवत नाहीत, आणि डॉक्टरांनी गोळी दिली नाही म्हणून त्यांच्याशी भांडू नका. रक्तस्राव होत असेल, वार सुटली असेल, पिशवीत जंतुसंसर्ग झाला असेल, बाळाचे ठोके बिघडले असतील किंवा आईचं बीपी धोक्याच्या वर गेलं असेल, तेव्हाही कळा थांबवणं घातक असतं. कारण तेव्हा बाळ बाहेर येण्यातच दोघांचं भलं असतं.

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" ही म्हणही आता सोडून द्या. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाला बळच देतो. या समजुतीपायी आठव्या महिन्यात कळा आलेल्या बाईकडे "आता काय उपयोग" म्हणून दुर्लक्ष होतं, हे फार वाईट आहे.

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे ते अंतराचं. दुधनी, कौंचा, मांदोणी, सिंदोणीकडून निघालं की आधी खानवेलचं हॉस्पिटल, तिथून आणखी वीसेक किलोमीटरवर सिल्वासाचं विनोबा भावे सिव्हिल. शेजारच्या पालघरमधून, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडूनही अडलेल्या बायका सिल्वासाच्याच वाटेला लागतात. 2024 च्या नोव्हेंबरात डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर बाईला सिल्वासाला हलवताना सुसज्ज अँब्युलन्स वेळेत मिळाली नाही. ती वाचली नाही, बाळही नाही. अशी बातमी वाचून आपण हळहळतो. त्यावर सरकारकडे गाडी मागत राहायलाच हवं. पण आपल्या हातातली एक गोष्ट अशी की दुधनीच्या बाईने खानवेलजवळच्या बाईपेक्षा दोन तास आधी निघालं पाहिजे. लांब राहता, तर थांबायची मुभा तुम्हाला कमी आहे. निघताना 108 ला फोन करा, आणि फोनवर "पोट दुखतंय" एवढंच न म्हणता "आठवा महिना आहे, दर दहा मिनिटांनी कळा येतायत" असं सांगा. वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबलात तर डेक्सामेथासोनचा पहिला डोस मिळेल का, विचारा. 24 ते 34 आठवड्यांच्या बाईला तो देऊन पुढे पाठवण्याची मुभा केंद्र सरकारच्या 2014 च्या सूचनांप्रमाणे नर्सताईंनाही आहे. कधी दिला ती वेळ कागदावर लिहून घ्या, पुढच्या डॉक्टरांना तीच लागते. सरकारी हॉस्पिटलात बाळंतपण, औषधं, रक्त, सिझेरियन आणि ने-आण यांचा खर्च घ्यायचा नाही, असं 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ठरलेलं आहे.

रखोली, मसाट, नरोलीच्या खोल्यांतून राहणाऱ्या कुटुंबांना आणखी एक सांगणं आहे. पहिलटकरणीला सातव्यात माहेरी, धुळ्या-नंदुरबारकडे नाहीतर थेट यूपी-बिहारकडे पाठवायची आपली रीत आहे. पाठवा, पण पोट आवळत असताना रात्रीच्या बसमध्ये बसवू नका. आधी तपासणी, मग प्रवास. आणि माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट, सिकलसेलचा रिपोर्ट हे सगळं तिच्या पिशवीत हवं, नवऱ्याच्या कपाटात नको. आपल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल बरंच आहे. त्या बाईला मुदतीआधी बाळंतपणाचा धोका जास्त, आणि तिच्या पोटदुखीत सिकलचं दुखणं कुठलं व कळ कुठली हे घरी बसून कुणालाच कळायचं नाही.

धाग्याच्या कारखान्यात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या बायकांनी शेवटच्या महिन्यांत बसून करायचं काम मागावं. गरोदर बाईला फार वेळ उभं राहायचं, अंगमेहनतीचं काम दिवस भरत आले असताना देऊ नये, आणि मुदतीआधी बाळंतपण झालं तर बाळंतपणाच्या रजेवर आणखी महिनाभर रजा मिळावी, अशी तरतूद कायद्यात आहे. सुपरवायझर नाही म्हणाला तर ते लेखी मागा.

कळा मुळात अवेळी येऊ नयेत म्हणून काही करता येतं. लघवीची तपासणी करून घ्या, जळजळ होत नसली तरी. लघवीतला लपलेला संसर्ग बऱ्याचदा कळांच्या मुळाशी असतो आणि साध्या औषधाने जातो. मात्र मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. पाणी गेल्यावर दिलं जाणारं अँटिबायोटिकही निवडून द्यावं लागतं, चुकीचं दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला इजा होण्याचा धोका वाढतो. आणि मशेरी सोडा. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला होता. मशेरी आणि तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी होती आणि मुदतीआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. दात घासायला म्हणून लावलेली मशेरी बाळाच्या रक्तात जाते. सासूबाईंनी आधी स्वतः सोडली तर सुनेला सोपं जाईल. उलट, महिनोन्महिने खाटेवर आडवं करून ठेवण्याने कळा टळतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही. पायात रक्ताच्या गाठी मात्र होऊ शकतात. हलकं काम, पुरेशी विश्रांती, भरपूर पाणी, एवढं पुरे.

हॉस्पिटलात दाखल केलं की लाजू नका, विचारा. किती आठवडे झालेत? कळांचं औषध कोणतं आणि कधी थांबवणार? फुप्फुसाचं इंजेक्शन सुरू केलं का? 32 आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम देणार का? इथे या वजनाच्या बाळासाठी जागा आहे का, नसेल तर आत्ताच कुठे पाठवता? हे ऐकून कुठलाही चांगला डॉक्टर चिडत नाही. औषध चालू असताना छातीत धडधड फार वाढली, श्वास लागला, आडवं पडल्यावर गुदमरायला झालं, तर "औषधाने होतंच असं" म्हणून सोसू नका. नर्सला लगेच हाक मारा.

दोन दिवस गेले, कळा थांबल्या आणि घरी सोडलं, तर फार छान. पुष्कळ जणींचं असंच होतं, त्यातल्या बऱ्याच दिवस भरूनच बाळंत होतात. घरी येताना चिठ्ठीवर पुन्हा महिनाभराच्या कळा थांबवणाऱ्या गोळ्या लिहिल्या असतील, तर तिथेच थांबून विचारा की याची गरज आहे का. आणि उरलेली पट्टी शेजारच्या गरोदर मुलीसाठी फडताळात ठेवू नका. तिचं पोट आवळायला लागलं तर तिला गोळी न देता तिच्यासोबत गाडीत बसा.